चार पिशव्या

‘थंड ठेवलं की टिकतं.’

हे वाक्य मला नेमकं कोणी शिकवलं ते आठवत नाही. दूध, कणीक, मेंदीचा कोन, आईने पाठवलेली ओल्या खोबऱ्याची चटणी... सगळं फ्रीजमध्ये! फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतही तेच, तापमान कमी केलं की रासायनिक क्रिया मंदावतात. म्हणजे घर आणि कॉलेज यांचं ज्या थोड्या गोष्टींवर एकमत आहे, त्यातली ही एक. आणि याच एकमताच्या जोरावर गेल्या सप्टेंबरमध्ये मी चार अनोळखी माणसांचं दान दोन तासांत मातीमोल केलं.

तर झालं असं. माझ्या रूम पार्टनरच्या वडिलांना रक्ताचा कॅन्सर निघाला आणि आपल्याच शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये त्यांची केमोथेरपी सुरू झाली. काका गावाकडे शेती करतात, घरी दोन म्हशी. शहरात त्यांचं कोणी नाही. मग दिवसा काकू, संध्याकाळी पार्टनर आणि वरच्या धावपळीला मी, अशी ड्यूटी लागली. रेक्टर मॅडमनी नऊच्या गेटची सूट दिली, तीसुद्धा लेखी. (त्यांचे आभार इथेच मानून घेते, कारण समोर मानायला गेलं की त्या आधी अटेंडन्स विचारतात!)

केमोची औषधं कॅन्सरच्या पेशींबरोबर हाडांतल्या मगजातल्या चांगल्या पेशींनाही झोडपतात. नवं रक्त तयार होण्याचा कारखानाच काही दिवस बंद पडतो. यात लवकर जाणवतो तो प्लेटलेट्सचा तुटवडा, कारण प्लेटलेटचं आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचं. कुठे खरचटलं, रक्तवाहिनी फुटली, की भोक बुजवायला धावत जाणाऱ्या या चिमुकल्या पेशी. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. काकांच्या त्या शनिवारी आठ हजार होत्या. डॉक्टर म्हणाले, दहा हजारांच्या खाली आपोआप रक्तस्राव व्हायची भीती असते, प्लेटलेट्स चढवायला हव्यात. चार पिशव्या आणा.

दोनच दिवसांपूर्वी काकांना साधं रक्त, म्हणजे लाल पेशी, चढवल्या होत्या. तेव्हा ब्लड बँकेने थर्मोकोलच्या बॉक्समध्ये बर्फाची पाकिटं घालून पिशवी दिली होती. तो बॉक्स कॉटखाली पडलेलाच होता. मी तो उचलला आणि निघाले. आहे की नाही हुशार?

ब्लड बँक शहराच्या दुसऱ्या टोकाला. काउंटरवर चिठ्ठी दिली, सही केली आणि खाकी पाकिटात चार पिशव्या मिळाल्या. रक्त म्हणून मिळालेली वस्तू लाल नव्हती! फिकट पिवळी, लिंबाच्या सरबतासारखी, एकेका पिशवीत पन्नास-साठ मिली. पावसाळ्यातलं दमट ऊन होतं, पुलाच्या कामामुळे रस्ता तुंबलेला. मी विचार केला, एवढी नाजूक वस्तू, उकाड्यात खराब होईल. चौकातल्या रसवंतीतून वीस रुपयांचा बर्फ घेतला, बॉक्समध्ये पसरला, वर चारही पिशव्या नीट मांडल्या, झाकण लावलं. रिक्षात बॉक्स मांडीवर घेऊन पावणेदोन तास बसले. एकदाही हलू दिला नाही.

वॉर्डात सिस्टरनी बॉक्स उघडला, पिशवीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“बर्फात कोणी ठेवल्या?”

“मी!”

इतक्या अभिमानाने मी व्हायवालासुद्धा कधी उत्तर दिलेलं नाही.

सिस्टर काही बोलल्या नाहीत. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी ब्लड बँकेला फोन लावला. मग मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, “या आता काकांना उपयोगाच्या नाहीत. परत ब्लड बँकेत घेऊन जा. दुसऱ्या मिळतात का ते विचार.”

पार्टनर दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ओरडली नाही, रडली नाही. फक्त विचारलं, “किती होत्या?”

“चार.”

“हं,” म्हणाली आणि काकांपाशी जाऊन बसली.

ब्लड बँकेत या वेळी मला आत बोलावलं. तिथल्या टेक्निशियन मॅडम माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी माझ्या पिशव्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि विचारलं, “लेबल वाचलंस?”

लेबल इंग्रजीत होतं. मी बालवाडीपासून कॉन्व्हेंटची. मराठीत निबंध लिहायचा म्हटलं की मला घाम फुटतो, पण इंग्रजी लेबल म्हणजे आपला हातखंडा. संबंध पावणेदोन तासांत मी ते वाचलं नव्हतं. आता वाचलं. साठवण २० ते २४ डिग्री सेल्सिअसला, सतत आणि हळुवार अ‍ॅजिटेशनमध्ये. अ‍ॅजिटेशन म्हणजे मला रास्ता रोको एवढंच माहीत!

मॅडमनी बोट दाखवलं. कोपऱ्यात काचेच्या दाराचं एक कपाट होतं. आत जाळीदार कप्पे, त्यांवर पिवळ्या पिशव्या आडव्या झोपवलेल्या, आणि सगळे कप्पे एका लयीत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकत होते. खट्... खट्... खट्... मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या, साधारण आपली नाडी चालते तेवढ्याच. मेकॅनिकलची असल्यामुळे माझं लक्ष आधी क्रँकवर गेलं, हे लाजत कबूल करते.

त्यांनी कपाटातून एक पिशवी काढली, ट्यूबलाइटसमोर धरली आणि हलकेच तिरकी केली. आत चमकदार भोवरे उठले. रेशमी पदरावरून उजेड सरकावा तसे.

“याला स्वर्लिंग म्हणतात,” मॅडम म्हणाल्या. “प्लेटलेट धडधाकट असते तेव्हा ताटलीसारखी चपटी असते. अशा असंख्य ताटल्या एकदम वळल्या की प्रकाश असा खेळतो. आता तुझी बघ.”

माझी पिशवी त्यांनी तशीच धरली, तशीच तिरकी केली. आत नुसतं गढूळ पिवळं पाणी. काहीच उठलं नाही.

“मेल्या का?” मी विचारलं.

“मेल्या नाहीत. घाबरल्या.”

हा शब्द मॅडमचा. शास्त्र मी नंतर वाचलं, आणि ते या शब्दापासून फार लांब नाही. गारठा लागला की प्लेटलेटला तो धोक्याचा इशारा वाटतो. आतला सांगाडा बदलतो, ताटलीचा गोळा होतो, अंगाला काटे फुटतात. जखम दिसल्यावर घ्यायचा पवित्रा ती जखम नसतानाच घेते. पुन्हा ऊब दिली तरी सगळं पहिल्यासारखं होत नाही. वर तिच्या अंगावरच्या काही प्रथिनांचे पुंजके होतात आणि ती पेशंटच्या शरीरात गेली, की यकृत तिला बिघडलेला माल समजून उचलतं. २००३ साली बोस्टनमध्ये कारिन हॉफमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही यकृताची भानगड उंदरांवरच्या प्रयोगांत उलगडून दाखवली. थोडक्यात, माझ्या पिशव्या काकांना चढवल्या असत्या तरी त्या रक्तात टिकल्या नसत्या. आणि काकांना टिकणाऱ्याच हव्या होत्या.

मला थोडा दिलासा एका गोष्टीने मिळाला. माझी चूक एकेकाळी मोठमोठ्या डॉक्टरांनीही केलेली आहे! लाल पेशी थंड ठेवतात, मग प्लेटलेट्सही थंडच ठेवायच्या, असा तेव्हाचा सरळ हिशेब होता. १९६९ साली स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिलं, की साध्या खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या प्लेटलेट्स पेशंटच्या रक्तात कितीतरी जास्त टिकतात. तेव्हापासून जगभर फ्रीजऐवजी हे हलतं कपाट आलं.

एकाच दंडातून एकाच वेळी निघालेले हे तीन भाऊ. लाल पेशी फ्रीजमध्ये, कोणतं द्रावण घातलंय त्याप्रमाणे ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा उणे ३० डिग्रीला गोठवून वर्षभर. आणि प्लेटलेट्स? बावीस डिग्री, सतत हलत्या, आणि फक्त ५ दिवस!

पाचच का, हे मी मॅडमना विचारलं. खरं तर निघायची घाई होती, पण दुसऱ्या पिशव्यांसाठी त्यांचे फोन चालू होते आणि मला बसणं भाग होतं.

त्या म्हणाल्या, “पिशवीतही त्या जगतातच ना! खातात, श्वास घेतात.”

प्लेटलेट पिशवीत पडून असते म्हणजे पी.एल.मधल्या आपल्यासारखी. काम काही नाही, पण खाणं चालू. प्लाझ्मातली साखर ती वापरते आणि त्यातून लॅक्टिक अ‍ॅसिड तयार होतं. हवा मिळाली तर हे कमी होतं, नाही मिळाली तर झपाट्याने वाढतं. म्हणून या पिशवीचं प्लास्टिक खास असतं, त्यातून ऑक्सिजन आत जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. मी आजवर प्लास्टिक म्हणजे हवाबंद असंच धरून चालले होते. सुरुवातीच्या पिशव्यांतून हवा कमी जायची, तेव्हा प्लेटलेट्स तीनच दिवस ठेवता यायच्या. चांगलं प्लास्टिक आल्यावर पाच दिवस झाले. म्हणजे हे दोन वाढीव दिवस डॉक्टरांइतकेच मटेरियल सायन्सवाल्यांनीही मिळवून दिलेले आहेत! हलवत ठेवण्याचं कारणही बरंचसं हेच. नुसत्या ठेवल्या तर त्या तळाशी बसतात, एकमेकींना चिकटतात आणि खालच्यांना हवा मिळत नाही. आम्ल वाढत जाऊन पीएच ६.२ च्या खाली घसरला की त्या कामातून गेल्या.

आणि सगळं बिनचूक सांभाळलं तरी त्या रोज थोड्या थोड्या थकतात. काही ताटल्यांचे गोळे होतात. जखमेवर ओतायच्या रसायनांच्या पुड्या पिशवीतच फुटतात. काहींच्या अंगाचे कण तुटून तरंगू लागतात. पहिल्या दिवशीची प्लेटलेट आणि पाचव्या दिवशीची प्लेटलेट कामाची असते दोन्ही, पण सारखी नसते. केंद्रक नसलेली पेशी, मोडलेलं पुन्हा बांधून काढायची सोयही तिच्याकडे फारशी नाही.

पण पाच दिवसांची रेघ ओढली गेली ती मुख्यतः दुसऱ्याच कारणाने. जी ऊब प्लेटलेट्सना मानवते, तीच जंतूंनाही मानवते. सुई टोचताना कातडीवरचा एखादा जंतू आत गेला, तर फ्रीजमध्ये तो बहुधा गप्प बसेल, बावीस डिग्रीला त्याची पंगत बसते. अमेरिकेने १९८४ साली मुदत सात दिवस केली होती, जंतूंच्या भीतीने १९८६ मध्ये पुन्हा पाचवर आणली. आता जंतूंची तपासणी करून किंवा त्यांना निकामी करणारी प्रक्रिया वापरून काही देशांत सात दिवस ठेवतात. आणि गंमत म्हणजे फ्रीजही परत आलाय. गारठलेली प्लेटलेट रक्तात टिकत नाही, पण पवित्र्यात असल्यामुळे वाहतं रक्त थांबवायला तत्पर असते. म्हणून अपघातासारख्या वाहत्या रक्तस्रावात, नेहमीच्या प्लेटलेट्स मिळत नसतील तर, थंड साठवलेल्या १४ दिवसांपर्यंत वापरायची मुभा अमेरिकेत २०२३ साली दिली गेली. अर्थात त्या ठरवून, तपासून, मोजून थंड केलेल्या. रसवंतीच्या बर्फातल्या नव्हेत.

तेवढ्यात मॅडमचा फोन संपला. आज तयार प्लेटलेट्स नाहीत. सकाळच्या रक्तदानातल्या आहेत, पण त्यांच्या तपासण्या उद्या होतील.

माझा बांध फुटला. “मॅडम, मागच्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, आमच्या कॉलेजने शंभरावर पिशव्या रक्त दिलंय. ते कुठे गेलं?”

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “लाल पेशी असतील अजून काही. प्लेटलेट्स? त्या २० ऑगस्टला संपल्या.”

मी गप्प.

“आणि त्या पाचातले पहिले एक-दोन दिवस तपासण्यांतच जातात. शिवाय रक्त घेतल्यावर ते गार न करता काही तासांत इथे पोचलं तरच त्यातून प्लेटलेट्स निघतात. लांबच्या शिबिरातून बर्फात आलेल्या पिशवीतून नाही निघत. तुम्ही मुलं एका दिवसात नदी आणता गं. आम्हाला रोज एक तांब्या हवाय.”

मग त्यांनी दुसरा मार्ग सांगितला. अफेरेसिस. दात्याचं रक्त यंत्रातून फिरवायचं, प्लेटलेट्स तेवढ्या काढून घ्यायच्या, बाकीचं त्याला परत. सुमारे दीड तास लागतो आणि एका दात्याकडून साधारण सहा साध्या पिशव्यांएवढ्या प्लेटलेट्स मिळतात. पण दाता हवा, आत्ता, आणि त्याच्या तपासण्याही आधीच.

मी बॉइज हॉस्टेलच्या एका सीनियरला फोन केला. रात्री पावणेनऊला तीन जण दोन बाइकवरून आले. एकाने आदल्या दिवशी अ‍ॅस्पिरिन घेतलं होतं, तो बाद. एकाची शीर यंत्राच्या सुईला पुरेशी नव्हती, तो बाद. तिसरा पास झाला. सोमवारी त्याचं सबमिशन होतं. तो खुर्चीत हात पसरून पडला आणि बाकीचे दोघे बाहेर बाकावर बसून त्याच्या शीट्स पुऱ्या करत होते. (संबंधित सरांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.)

त्याच रात्री, पिशवी तयार होण्याआधी, काकांच्या नाकातून रक्त यायला लागलं. फार नव्हतं म्हणतात. मी ब्लड बँकेत होते, मला पार्टनरने दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती आणि काकू आळीपाळीने नाक दाबून धरून बसल्या होत्या. डॉक्टर दोनदा येऊन गेले. किती वेळ? “पिशवी येईपर्यंत,” ती म्हणाली. पिशवी पहाटे दोनला आली. या वेळी मी ती खाकी पाकिटात, बर्फाशिवाय, सरळ हातात धरून आणली. रिक्षा खड्ड्यांतून उडत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्या खड्ड्यांचा राग आला नाही.

काका त्यातून निभावले. केमोच्या पुढच्या फेऱ्याही झाल्या. आता ते गावी आहेत, तपासणीला येतात.

दिवाळीनंतर ते आले तेव्हा मी हिय्या करून त्यांना सगळं सांगितलं. पार्टनरने घरी सांगितलंच नव्हतं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोरी, विरजण लावून लगेच फ्रीजात ठेवशील का?”

“नाही.”

“का?”

“दही लागणार नाही.”

“मग झालं तर. जितं हाय ते उबंत ठेवायचं. आन् उबंत ठेवलं की लवकर आंबणार, ते पण धरूनच चालायचं.”

दह्यातही लॅक्टिक अ‍ॅसिड आणि पिशवीतही लॅक्टिक अ‍ॅसिड. मी चार महिने वाचून जे समजून घेतलं, ते काकांना त्यांच्या म्हशी कधीच शिकवून गेल्या होत्या.

पण ‘मग झालं तर’ म्हणून माझ्यापुरतं झालं नाही. प्लेटलेटच्या एका पिशवीत सुमारे पाच हजार कोटी पेशी असतात, भारताच्या लोकसंख्येच्या पस्तीसपट. पण मला आकडा आठवतो तो चारचा. चार माणसं कुठून कुठून आली, अर्ज भरला, टोचून घेतलं, बिस्किट खाल्लं, घरी गेली. आपण कोणाला तरी वाचवलं असं त्यांना वाटत असेल. मी त्यांना कधी भेटणार नाही, आणि भेटले तर काय सांगणार?

फेड म्हणून मी स्वतः रक्त द्यायला गेले, तर हिमोग्लोबिन १०.९. साडेबाराच्या खाली घेत नाहीत. गर्ल्स हॉस्टेलमधल्या मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीजणी शिबिरातून अशाच परत येतात ते आठवा! मेसची पालेभाजी ताटात तशीच ठेवणारी मी, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेतल्या, भाजी खाल्ली, आणि फेब्रुवारीत १२.८ घेऊन अफेरेसिसच्या खुर्चीत बसले. दीड तासाने मॅडमनी माझी पिशवी ट्यूबलाइटसमोर धरली आणि तिरकी केली. भोवरे उठले! मग त्यांनी ती त्या हलत्या कपाटात ठेवली. लेबलवर शेवटची तारीख होती, पाच दिवसांनंतरची. खट्... खट्... मी बराच वेळ तिथेच उभी होते.

१५ ऑगस्टचं शिबिर बंद करा असं मी म्हणत नाही, लाल पेशींना ते हवंच. पण दोन्ही हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर मार्चपासून एक यादी लागली आहे. वर ब्लड बँकेचा फोन आणि खाली नावं. सगळ्यांनी एकाच दिवशी जायचं नाही, बोलावतील तेव्हा एकेकाने जायचं. अफेरेसिसचा दाता दोन दिवसांच्या अंतराने पुन्हा देऊ शकतो, वर्षातून २४ वेळा, पण आपण वर्षातून दोनदा गेलो तरी पुष्कळ. सध्या चौदा नावं आहेत. त्यातली दोन मेसच्या मावशींची आणि एक वॉचमन काकांचं. रेक्टर मॅडमनी यादीतल्या मुलींना गेटची सूट दिली आहे. लेखी!

हा लेख शुद्धलेखनासाठी पार्टनरने तपासला. ‘किती होत्या?’ हा तिचा प्रश्न मी खोडला होता. तिने तो पुन्हा लिहिला.

— टी. ई. (मेकॅनिकल)